भिंतीला टेकलेली सायकल

पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून आत शिरलं, की बोळाच्या एका भिंतीवर कमरेच्या जरा वर काळपट पट्टा दिसतो. धुरकट, हातभर लांब, कडा विरलेला. त्याच्या बऱ्याच खाली, गुडघ्याच्याही खाली, चुना खरवडून विटेचा लाल रंग उघडा पडलेला असतो. वरचा पट्टा हँडलच्या रबरी मुठींचा, खालचा ओरखडा पायडलचा. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच बाजूने सायकल टेकवली गेली की भिंतीवर तिचं असं माप उमटतं. कित्येकदा सायकल केव्हाच विकलेली असते, चालवणारा माणूसही राहिलेला नसतो. पट्टा मात्र असतो.

या पट्ट्यांचे, त्यांना टेकलेल्या सायकलींचे आणि त्या भिंती ज्या इमारतींच्या आहेत त्या इमारतींचे फोटो मी बरीच वर्षं काढते आहे. पेठेतले लोक थांबून विचारतात, यात काय काढताय? प्रश्न रास्त आहे. पुण्यात फोटो काढायचा तर शनिवारवाडा आहे, पर्वती आहे, पाताळेश्वर आहे. सायकल आणि भिंत तर रोजचीच. पण शहर ओळखू येतं ते रोजच्याच गोष्टींवरून, आणि नेमक्या त्याच गोष्टींचे फोटो कुणी काढून ठेवत नाही. माझा कॅमेरा तिकडे वळला तो आधी या काळजीपोटी. तिथे किती देखणेपण भरलेलं आहे हे मग हळूहळू दिसत गेलं. त्या देखणेपणाविषयी मला लिहायचं आहे.

युजेन अत्जे या फ्रेंच छायाचित्रकाराचं नाव इथे आधी घ्यायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1927 साली मरण येईपर्यंत हा माणूस जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा खांद्यावर वाहत पॅरिसच्या जुन्या गल्ल्यांतून फिरत होता. आयफेल टॉवरच्या वाटेला तो जवळजवळ गेलाच नाही. त्याने दारांवरच्या कड्या काढल्या, जिन्यांचे कठडे काढले, दुकानांच्या दर्शनी काचा, अंगणात उभ्या केलेल्या हातगाड्या काढल्या. आपण चित्रकारांना लागणारे संदर्भ पुरवतो, एवढंच तो स्वतःबद्दल सांगे. तो गेल्यावर बेरेनिस ॲबट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी त्याच्या प्लेटा आणि छाप वाचवले, आणि 1968 साली ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेले. आज जुनं पॅरिस कसं होतं हे जगाला ठाऊक आहे, त्यात त्या हातगाड्यांचा आणि कठड्यांचा वाटा फार मोठा आहे.

सायकलीचा जगातला बहुधा सगळ्यांत गाजलेला फोटो आन्री कार्तिए-ब्रेसाँचा. दक्षिण फ्रान्समधल्या इएर गावी 1932 साली काढलेला. कॅमेरा जिन्याच्या माथ्यावर आहे, खाली वळत गेलेल्या दगडी पायऱ्या आहेत, त्यांच्या सोबतीने वळत जाणारा लोखंडी कठडा आहे आणि तळाशी रस्त्याच्या तुकड्यावरून एक सायकलस्वार भुर्रकन निघून चालला आहे. तो हललेला, अस्पष्ट आला आहे; पायऱ्या आणि कठडा मात्र लख्ख. मला या फोटोत दरवेळी कठड्याचं वळण आधी दिसतं आणि मग लक्षात येतं, की सायकलीची चाकं त्या वळणाला खालून उत्तर देताहेत. रचना पूर्ण करायला तिथे एक गोल हवा होता आणि तो गोल चालत आला.

अमेरिकेत विल्यम एगलस्टनने मेम्फिसच्या एका उपनगरात लहान मुलाची तीनचाकी सायकल काढली. कॅमेरा जवळपास जमिनीला टेकवलेला. त्यामुळे ती गंजकी तीनचाकी मागच्या घरांपेक्षा उंच दिसते, आणि तिच्या चाकांमधून पलीकडे उभी मोटारगाडी दिसते. 1976 साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन लागलं तेव्हा टीकाकार तुटून पडले होते. असले विषय आणि तेही रंगात, हे त्यांना पचलं नाही. त्या प्रदर्शनासोबत निघालेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हीच तीनचाकी आहे.

पण एवढं लांब जायचीही गरज नाही. बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांच्या घरचा धंदा चष्म्यांचा. त्यांनी आयुष्यभर गोळा केलं ते अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, फण्या, कुलपं, भांडी, दारंखिडक्या. राजवाड्यातला ऐवज त्यांच्याकडे आहे, तो थोडा. बहुतेक वस्तू घराघरांत हाताळल्या गेलेल्या आहेत. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर गेली आणि हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने. अडकित्त्याची मूठ हाताला लागून लागून गुळगुळीत झालेली असते, तिथे प्रकाश वेगळा चमकतो. केळकरांना ते दिसलं होतं. सायकलीकडे बघायला मी त्यांच्या दालनांत शिकले असं म्हटलं तर ते खरं आहे.

*

आता सायकल जवळून बघू. आपल्याकडची काळी, उभ्या हँडलची, सळईच्या ब्रेकची सायकल. ॲटलस, हीरो, हर्क्युलस, ॲव्हॉन, रॅले, कुठलीही. अठ्ठावीस इंची चाकं. ही सायकल मूळची इंग्लंडची, आणि तिकडची एक रीत इथे अजून टिकून आहे: पुढच्या चाकाला 32 स्पोक आणि मागच्याला 40. मागच्या चाकावर माणसाचं वजन, कॅरिअरवरचं ओझं आणि चेनची ओढ, म्हणून तिथे आठ जास्त. हे ठाऊक नसतानाही फोटोत जाणवतं. मागचं चाक दाट येतं, पुढचं विरळ. उन्हात सायकल भिंतीपासून थोडी सुटी उभी केली, तर दोन चाकांच्या सावल्यांची वीणही वेगवेगळी पडते.

सदाशिव पेठेत एका बोळाच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा, बाहेर पाण्याचं घमेलं, हवेचा पंप, खोबरेल तेलाच्या डब्यात छर्रे. मी गेले तेव्हा मेस्त्री चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी. चाक मोकळं फिरतंय. रिमच्या कडेला त्यांनी बोट धरलेलं. रिम जिथे बोटाला लागे तिथे ते चाक थांबवत, त्या जागचा एक स्पोक अर्धा आटा आवळत, समोरचा तेवढाच सैल करत, पुन्हा फिरवत. नजर चाकावर नव्हतीच.

"काका, फोटो काढला तर चालेल का?"

"काढा की. पण चाक फिरतंय तेव्हा काढू नका, काही येणार नाही."

मी फिरतानाच काढले, आणि त्यांना दाखवले. स्पोक नाहीसे होऊन तिथे रुपेरी धुकं आलं होतं आणि मधोमध त्यांचं काळं, वंगणाचं बोट अगदी ठाम. त्यांनी मोबाइलवर बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बोट बरोबर जागेवर आहे." कामाच्या माणसाला फोटोत काम दिसतं. माझ्या लेखी त्याहून चांगली दाद नाही.

आऊट काढताना जे चालतं त्यात या सगळ्या देखणेपणाचं मूळ आहे, असं मला वाटतं. सायकलीचा स्पोक ही तार आहे. ती उभी राहून वजन उचलू शकत नाही, ताणली तरच कामाची. प्रत्येक स्पोक रिमला आपल्याकडे ओढतो आणि चहूबाजूंच्या या ओढीतून चाक गोल राहतं. भिंतीचं अगदी उलट. वीट विटेवर बसते, वरचं ओझं खालच्या थरावर दाबतं, तो त्याच्या खालच्यावर, असं करत जोत्याच्या घडीव दगडापर्यंत. सायकल ताणावर उभी असते, भिंत दाबावर. बारीक रेघांनी विणलेली एक वस्तू आणि थरांनी रचलेली दुसरी, दोन्ही वजन पेलायला केलेल्या, एकमेकींना टेकलेल्या. डोळ्याला जो मेळ भावतो तो इथून येतो. सायकलीच्या जागी स्कूटर उभी करून पाहा. हा मेळ बसत नाही. स्कूटरचा पत्रा भिंत झाकतो, सायकलीतून भिंत दिसत राहते. सायकल हे एकच वाहन असं आहे, की फोटोत ते पुढे असूनही मागचं काही लपत नाही. चौकटीच्या त्रिकोणातून विटा दिसतात, चाकातून जोतं दिसतं, कॅरिअरमधून पायरी.

*

भिंतीही एका जातीच्या नसतात. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने 1807-08 च्या सुमारास बांधून घेतला; त्याच्या दर्शनी बाजूचं कोरीव लाकूडकाम लोक मान वर करून बघतात. मला त्याच्यासारख्याच, पण विनानावाच्या वाड्यांची खालची बाजू जास्त बोलकी वाटते. तळाशी काळ्या दगडाचं जोतं, कारण पावसाचं पाणी तिथे लागतं. त्यावर भाजलेल्या पातळ विटा. वरच्या मजल्यांवर लाकडाचे खण आणि हलकी भरणी, कारण तिथे वजन कमी ठेवायचं असतं. दगड, वीट, लाकूड असा चढता क्रम. त्याच्या पुढ्यात सायकल उभी केली की चाकं दगडावर येतात, सीट विटेवर आणि हँडलच्या वर लाकडी गज सुरू होतात. असा फोटो लावावा लागत नाही; बांधणाऱ्याने तो लावूनच ठेवलेला असतो.

नदीकाठच्या पेठांत हे कमी सापडतं. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेच्या काठचे वाडे पाण्यात बसले. त्या जागी पुढच्या वर्षांत सिमेंटच्या इमारती आल्या: अरुंद गॅलऱ्या, खिडक्यांवर पातळ छज्जे, जिन्याला उजेड यावा म्हणून सिमेंटच्या नक्षीदार जाळ्या. वाड्यांचं कौतुक करणाऱ्या माणसांना या इमारती रुक्ष वाटतात. मला तसं मुळीच वाटत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडची जाळी पेटते आणि जिन्यात गोलांचे, चौकोनांचे कवडसे पडतात. जिन्याखाली सायकली एकीला एक खेटून लावलेल्या असतात, वर विजेच्या मीटरांची रांग. कवडसा सीटवरून चेनकव्हरवर, तिथून फरशीवर सरकत जातो. अर्ध्या तासात त्याच जिन्यात, त्याच जागी उभं राहून वेगवेगळे फोटो मिळतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या या इमारतींचं दस्तऐवजीकरण वाड्यांइतकंही झालेलं नाही आणि पुनर्विकासात त्या झपाट्याने चालल्या आहेत. तरुण छायाचित्रकारांना मी सांगते, वाड्यांकडे पुष्कळ कॅमेरे आहेत, तुम्ही या जाळ्यांकडे वळा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पोपडे उडालेली भिंत फोटोत सुंदर दिसते, आणि तिच्या आत कुणीतरी राहत असतं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने पेठांतली भाडी गोठली. भाडेकरूंना आसरा मिळाला, पण मालकाला त्या भाड्यात कौलंही शेकारता येईनात. दुरुस्ती कुणी करायची यावर पिढ्या भांडत राहिल्या. आपल्याला जी भिंतीवरची रंगांची पुटं दिसतात, ती अनेकदा या भांडणाची पुटं असतात. कसब्यातल्या एका वाड्यात मी चौकातून फोटो घेत असताना वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला वर बोलावलं, चहा दिला आणि आढ्यातून जिथे पाणी गळतं तिथे ठेवलेली पातेली दाखवली. "याचाही काढा," म्हणाल्या. काढला. त्या वाड्याचे फोटो जिथे कुठे लावते तिथे पातेल्यांचा फोटो त्यांच्यासोबत असतो. ओल फक्त रंगछटा म्हणून दाखवणं मला पटत नाही. सुंदर दिसणं आणि गळणं एकाच भिंतीचं असेल, तर दोन्ही दाखवायचं.

*

प्रकाशाबद्दल थोडं तपशिलात, कारण या कामात निम्मं श्रेय त्याचं. पुण्यात डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो. भर दुपारीही सावली लांब असते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गल्लीत सकाळी आठ-नऊला ऊन उत्तरेच्या भिंतीला घासून जातं. असं घासून जाणारं ऊन विटांचे सांधे, गिलाव्याचे फुगवटे, पेंटाचे ओघळ सगळं उठवून दाखवतं, आणि सायकलीची सावली भिंतीवर लांबट, तिरकी पडते. चाकं लंबवर्तुळं होतात, हँडल पक्ष्यासारखं पसरतं. मेमध्ये याच्या नेमकं उलट. साधारण 13-14 मे आणि मग जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या काही मिनिटांत उभ्या सायकलीची सावली म्हणजे जमिनीवरची एक काळी रेघ. तिला आडवी एक छोटी रेघ हँडलची, मध्ये फुगीर ठिपका सीटचा, मागे कॅरिअरची चौकट. चाकं गायब! शून्य सावलीचा दिवस लोक बादली नाहीतर काठी उभी करून बघतात. सायकल उभी करून बघावी. जुलैअखेरीस ढग असतात, म्हणून मेचा दिवस धरावा.

भिंतींचा रंगही इथला आहे. नीळ घातलेला चुना, गेरू, पिवळी माती, आणि अलीकडचा ऑइलपेंट. काळी सायकल फिकट निळ्या चुन्यावर जशी उठते तशी दुसऱ्या कशावर नाही. म्हणून माझा कल रंगीत फोटोकडे आहे. कृष्णधवल केलं की कुठलीही सायकल आपोआप जुनी आणि हळवी दिसायला लागते, आणि तो हळवेपणा मला फुकटचा वाटतो. सायकल आज सकाळी दूध घालून आली आहे. तिला 1940 सालात नेऊन बसवायचं कारण नाही.

आणि एक सूचना, मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांसाठी. मोबाइलचं नेहमीचं भिंग रुंद कोनाचं असतं. जवळ जाऊन अख्खी सायकल बसवली की कडेचं चाक अंड्यासारखं येतं. चार-पाच पावलं मागे जा, दुपटीचं झूम घ्या, आणि गुडघ्यावर बसा, म्हणजे भिंग चाकाच्या आसाच्या उंचीला येईल. उभ्याने काढलेला सायकलीचा फोटो वरून खाली पाहिलेला असतो. आसाच्या उंचीवरून पाहिली की ती भिंतीइतक्याच मानाने उभी राहते. एगलस्टनची तीनचाकी हेच सांगते.

*

सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ख्याती होती हे आता नव्या पिढीला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पन्नास-साठच्या दशकांत कॉलेजं, कचेऱ्या, कारखाने सुटले की रस्ते सायकलींनी भरून जात. सायकलीवर कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. डबलसीट बसलं किंवा रात्री दिवा नसला तर पोलिस पकडत. तासावर भाड्याने सायकली मिळत. कितीतरी जण पहिल्यांदा पडले ते अशा भाड्याच्या सायकलीवरून. बायका सर्रास सायकल चालवत. लेडीज सायकलीच्या मागच्या मडगार्डपासून आसापर्यंत दोऱ्याची किंवा जाळीची एक पंख्यासारखी वीण असे, साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. ही जाळी शिल्लक असलेली एक सायकल मला नारायण पेठेत सापडली. दोरे निम्मे तुटलेले, राहिलेल्यांचा रंग उडालेला. तिच्या मागच्या चाकाचा अगदी जवळून काढलेला फोटो माझ्या सगळ्या संग्रहात मला सर्वांत जवळचा आहे. स्पोक लोखंडाचे, त्यांच्यावरून दुसऱ्या दिशेने जाणारे सुताचे दोरे, आणि एका जागी तुटलेला दोरा कुणीतरी शिवणाच्या वेगळ्याच, हिरव्या दोऱ्याने जोडलेला. नोकरीला जाणाऱ्या एका बाईने एका सकाळी घाईत मारलेली ती गाठ असणार.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे पाहायला मिळते. एका माणसाने स्वतःच्या हौसेने आणि खर्चाने हे उभं केलं, त्याबद्दल मला आदर आहे. सायकलीची जडणघडण समजून घ्यायला तिथे जायलाच हवं. पण फोटोसाठी मी रस्त्यावरच्या सायकलीकडे जाते. हॉटेलच्या भिंतीवर रंग मारून, फुलांची टोपली अडकवून टांगलेल्या सायकलींबद्दल तर मला वाईटच वाटतं. चेन काढलेली असते, टायर रिकामे, आणि चाक जमिनीला लागत नाही. तिच्यातली प्रत्येक रेघ ज्या कामासाठी होती ते काम काढून घेतलं की उरते ती फक्त आकृती. धार लावणाऱ्याची सायकल बघा म्हणजे फरक कळेल. स्टँडवर उभी करून, पायडल मारून तो सहाणेचं चाक फिरवतो; त्यासाठी त्याने जोडलेला पट्टा, कप्पी, लाकडी फळी, पाण्याची डबी, सगळं त्याच्या हाताचं. लक्ष्मी रस्त्याच्या एखाद्या जुन्या दुकानाच्या फळीसमोर तो सुरीला धार लावत असतो आणि ठिणग्या उडत असतात. तिथे सजावट काही नाही आणि देखणेपणाला तोटा नाही.

पहाटे अप्पा बळवंत चौकात वर्तमानपत्रांच्या सायकली, सकाळी मंडईत पाट्या लादलेल्या सायकली. मंडईची 1886 ची दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती फाकलेल्या शाखा. या सगळ्याला वळसा घालून जाणारा कोथिंबिरीचा सायकलवाला दिसला की मी कॅमेरा डोळ्याला लावते. इथे ओझ्यामुळे सायकलीचा आकारच बदलतो. मागे दोन्ही बाजूंना पोती, मध्ये चौकटीत पिशव्या, हँडलला तराजू. ती चालवायची नसते, ढकलायची असते, आणि माणूस तिला हाताने नाही, खांद्याने तोलतो.

*

नव्या शहराचं काय, असं कुणी विचारेल. बाणेर-बालेवाडीच्या उंच इमारतींत सायकली आहेत. बहुतेक तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, खांबाला साखळीने बांधलेल्या. 2020 च्या टाळेबंदीत घेतलेल्या गिअरच्या सायकली, मुलांच्या वाढत्या वयाबरोबर मागे पडलेल्या गुलाबी-निळ्या सायकली. हवा गेलेली, धूळ बसलेली. त्यांचेही फोटो मी काढते. सपाट काँक्रीटचे खांब, त्यांच्यावर रंगवलेले फ्लॅटचे आकडे आणि बसकी चाकं यांची एक करडी, शिस्तशीर रचना तिथे होते. पण अशा जवळजवळ प्रत्येक पार्किंगमध्ये एक सायकल रोज चालणारी असते. ती गेटजवळ असते, कुलूप लावलेली, टायर टणक, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. सुरक्षारक्षकाची, नाहीतर धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंची. शहराची सायकल आता यांच्याकडे आहे. 2018 मध्ये रस्त्यारस्त्यावर दिसलेल्या भाड्याच्या पिवळ्या, नारिंगी सायकली थोड्याच काळात गेल्या. आखलेल्या सायकल मार्गांवर गाड्या उभ्या राहतात. आणि पहाटे पाषाणहून निघून बारा तासांच्या पाळीला येणारा माणूस तीच काळी ॲटलस चालवतो. ॲटलसचा चालू राहिलेला शेवटचा कारखाना साहिबाबादचा. तो 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद पडला. म्हणजे गेटजवळची ती सायकल आता जपून वापरायची चीज आहे, आणि तिचा फोटो काढताना मागे काचेची उंच इमारत यायलाच हवी. दोन्ही आजचीच आहेत.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून, जिन्याखालून सायकली बाहेर निघतात आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. लोखंडाचा भाव मिळतो, जागा मोकळी होते. त्याला नाही म्हणता येत नाही. पण ती जायच्या आधी, ती ज्या भिंतीला होती त्या भिंतीसकट तिचा एक फोटो घ्यावा. फोटोसोबत गल्लीचं नाव, तारीख, भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला, सायकल कुठल्या कामाची, एवढं लिहून ठेवावं. अत्जेही आपल्या फोटोंवर ठिकाण लिहीत असे. आज अभ्यासकांना त्याच्या सौंदर्यदृष्टीइतकाच त्या नोंदींचा उपयोग होतो.

घरातले जुने अल्बमही या निमित्ताने काढा. मुंजीच्या, लग्नाच्या सामूहिक फोटोंत कडेला, कुणाच्या तरी सोवळ्याच्या आड, अर्धं चाक आलेलं असतं, मागे वाड्याचा खांब आणि चौकाची फरशी. छायाचित्रकाराने ते मुद्दाम घेतलं नव्हतं. सायकल कुणाची होती, खांब कुठल्या वाड्याचा, तो वाडा आज कुठे आहे, हे सांगू शकणारी माणसं अजून आहेत, आणि दिवाळीत ती घरी भेटतात. त्यांच्याशेजारी बसून विचारा, आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई पुढच्या बाजूला उतरते.